अश्मीय अशनीचे अक्षर आणि अंक कसे ठरवावेत

नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी पडलेल्या अशनीचे (अवकाशातून आलेल्या दगडाचे) वर्गीकरण एल६ असे आहे. सौराष्ट्रातील धजाळा येथे २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेली अशनी एच३.८ आहे, तर मध्य प्रदेशातील सेमरकोना येथे १९४० साली पडलेली अशनी एलएल३.०० आहे. ही चिन्हे म्हणजे एकाच मापाच्या चढत्या पायऱ्या असाव्यात असे नवख्या वाचकाला वाटते, पण त्यांतील अक्षर आणि अंक ही दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे आहेत. दगड मुळात कोणत्या द्रव्यातून घडला, त्या द्रव्यात लोह किती होते आणि त्यातले धातुरूप किती व सिलिकेटांत (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजांत) बांधलेले किती, हे अक्षर सांगते: एच म्हणजे लोह जास्त, एल म्हणजे कमी, एलएल म्हणजे लोह आणि धातू दोन्ही कमी. घडल्यानंतर आपल्या मूळ पिंडात, म्हणजे ज्या लघुग्रहाचा तो भाग होता त्यात, तो किती तापला किंवा किती भिजला, हे अंक सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खनिजांच्या घटनेत शोधायचे असते आणि दुसऱ्याचे मुख्यतः पोतात. व्हान श्मस आणि वुड या अशनी-अभ्यासकांनी १९६७ मध्ये ही दुहेरी मांडणी केली आणि ती आजही चालते. माझा अनुभव असा की वर्गीकरणातील बहुतेक चुका या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्याने होतात. म्हणून अक्षर आणि अंक वहीच्या दोन वेगळ्या पानांवर ठरवावेत आणि अखेरीस एकत्र लिहावेत.

पुढील विवेचनात मी एकच नमुना सोबत घेतला आहे. एका माजी विद्यार्थ्याने वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटात सापडलेला ८६.४ ग्रॅमचा तुकडा विकत घेतला आणि तो माझ्याकडे फोंड्याला आणून दिला. पाकिटावर विक्रेत्याने एच५ असे लिहिले होते.

आधी गोव्यातली चाळणी

गोव्यात 'अशनी' म्हणून हाती येणारे दगड बहुधा तीन ठिकाणचे असतात: डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांतील लोहखनिज, चिऱ्यांच्या खाणीतील लोहयुक्त गोळे आणि जुन्या भट्ट्यांची किंवा वेल्डिंगची मळी (धातू वितळवताना उरणारा स्लॅग). चिऱ्यातील गोळा वरून काळसर आणि गुळगुळीत असतो, तो चुंबकाला थोडासा ओढतही असतो, त्यामुळे हौशी माणसाची फसगत होणे स्वाभाविक आहे. बिनचकाकीच्या फरशीच्या मागच्या बाजूवर दगड जोराने घासावा. लाल रेघ उमटली तर हेमॅटाइट आणि गडद काळी उमटली तर मॅग्नेटाइट समजावे. ताज्या अश्मीय अशनीची रेघ जवळजवळ उमटतच नाही, उमटलीच तर फिकट करडी असते. मात्र वाळवंटात गंजलेली अशनी तपकिरी रेघ देऊ शकते, त्यामुळे ही कसोटी दगड बाद करण्यासाठी वापरावी, स्वीकारण्यासाठी नव्हे. दगडात वायूचे बुडबुडे राहून गेलेली छिद्रे दिसली तर तो मळीच्या ढिगात टाकायला हरकत नाही. अशनीचे संगलन कवच (वातावरणात शिरताना वितळून थिजलेला बाहेरचा थर) सहसा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि तुटलेल्या कडेवर आतल्या फिकट दगडापासून ते एका रेषेत वेगळे दिसते.

यानंतर घनता मोजावी. मी पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, कारण अशनीतील लोह-निकेल धातूला पाणी मानवत नाही. आमच्या तुकड्याचे वजन अल्कोहोलमध्ये २०.२ ग्रॅमने कमी भरले. त्या दिवशीच्या तापमानाला अल्कोहोलची घनता ०.७८ धरली तर आकारमान २५.९ घन सेंटिमीटर आणि घनता ३.३४ येते. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ५ च्या आसपास असतात, दख्खनचा बेसाल्ट २.९ च्या आसपास, आणि सामान्य कॉन्ड्राइट (कॉन्ड्रूल नावाच्या बारीक गोलिका असलेल्या अश्मीय अशनी) साधारण ३.२ ते ३.६ च्या दरम्यान. एवढ्यावरून तुकडा कॉन्ड्राइट असण्याची शक्यता चांगली आहे इतकेच म्हणता येते. तरीही शंका राहिली तर धातूचा किंचित कीस सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, अमोनियाने अल्कधर्मी करून, त्यात डायमिथिलग्लायॉक्झाइम घालावे. गुलाबी-तांबडा साका आला तर धातूत निकेल आहे.

छेद घेणे

पुढची सगळी भिस्त पातळ छेदावर, म्हणजे काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ घासलेल्या चकतीवर, असल्यामुळे येथे घाई करू नये. हिऱ्याच्या पात्याने दोन-तीन मिलिमीटर जाडीची चकती कापावी. पाते थंड ठेवायला पाणी वापरणे टाळता आले तर उत्तम, नाही टाळता आले तर चकती लगेच निर्जल अल्कोहोलमध्ये धुऊन ५०-६० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वाळवावी. किनाऱ्यावरच्या खारट दमट हवेत धातूच्या कणांभोवती क्लोराइड साचते आणि गंज आतून फुटू लागतो. जुलैत टेबलावर तशीच राहिलेली चकती मी आठवड्याभरात तांबडी पडलेली पाहिली आहे. चकती काचेवर चिकटवण्याचे एपॉक्सी रेझिनही पावसाळ्यात नीट घट्ट होत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून छेद डिसेंबर ते मार्च या काळात करावेत असा माझा आग्रह असतो.

छेदाची जाडी ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी. भूपृष्ठीय खडकात ती क्वार्ट्झच्या रंगावरून तपासतात, पण कॉन्ड्राइटमध्ये क्वार्ट्झ नसतो आणि फेल्डस्पारचे कण बहुधा इतके बारीक असतात की त्यांचा उपयोग होत नाही. अशा वेळी कमी कॅल्शियमचा पायरोक्सिन (लोह-मॅग्नेशियमचे एक सिलिकेट) साक्षीला घ्यावा. सूक्ष्मदर्शकातले दोन ध्रुवक (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणारे गाळक) एकमेकांना काटकोनात ठेवले असता तो करडा ते फिकट पिवळा दिसला पाहिजे आणि ऑलिव्हिन (लोह-मॅग्नेशियमचेच दुसरे सिलिकेट) निळ्या-जांभळ्या-हिरव्या झगझगीत रंगांत दिसले पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी एक छेद ४५ मायक्रॉनच्या आसपास सोडून दिला होता. त्यात पायरोक्सिनही रंगीत दिसू लागले आणि मी वहीत 'पायरोक्सिन जवळजवळ नाही' असे लिहून मोकळा झालो. दुसरा छेद केल्यावर तीच चकती एक-तृतीयांश पायरोक्सिनची निघाली.

छेदावर काचेचे झाकण चिकटवू नये. वरचा पृष्ठभाग एक मायक्रॉनच्या हिरा-लेपापर्यंत घासून आरशासारखा करावा, म्हणजे तोच छेद पारगामी प्रकाशात, परावर्तित प्रकाशात आणि पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबमध्येही (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून एकेका कणाचे रसायन मोजणाऱ्या यंत्रात) चालतो.

अंकाचे पान: पोत

सर्वांत कमी वर्धनाच्या भिंगाखाली संपूर्ण छेद फिरवून पाहावा आणि एकच प्रश्न विचारावा: कॉन्ड्रूल आहेत की नाहीत? कॉन्ड्रूल म्हणजे वितळलेल्या थेंबांच्या झटकन थिजण्यातून तयार झालेल्या, बहुधा मिलिमीटरपेक्षाही लहान गोलिका. सर्वाधिक आढळणाऱ्या गोलिकांत ऑलिव्हिन किंवा पायरोक्सिनचे मोठे स्फटिक बारीक द्रव्यात रुतलेले असतात. काहींत ऑलिव्हिनच्या समांतर पट्ट्या दिसतात, गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत लाकडी पट्ट्यांमध्ये शिंपले बसवलेले असतात तशा, आणि पट्ट्यांमध्ये काच किंवा फेल्डस्पार असतो. काहींत पायरोक्सिनच्या काड्या गोलाच्या कडेवरील एका बिंदूतून माडाच्या झावळीच्या पंख्यासारख्या पसरतात.

येथे एक विषयांतर, पण कामाचे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हिंदी महासागराच्या तळगाळातून वैश्विक गोलिका वेगळ्या काढल्या आहेत आणि अशा गोलिकांतही समांतर पट्ट्यांचे ऑलिव्हिन सर्रास आढळते. मात्र त्या आपल्या वातावरणात शिरताना वितळलेल्या धुळीच्या आहेत, तर अशनीतील कॉन्ड्रूल सौरमंडलाच्या आरंभीचे. पट्ट्यांचा पोत द्रव किती वेगाने थंड झाला ते सांगतो, कुठे थंड झाला ते सांगत नाही.

कॉन्ड्रूल असतील तर अंक ठरवायला लागावे. प्रमाण १ ते ६ असे असले तरी त्याचा आरंभ मध्ये, म्हणजे ३ वर आहे. तिसऱ्या प्रकारचा दगड सर्वांत कमी बदललेला. तेथून ६ कडे जाताना उष्णतेचा परिणाम वाढत जातो आणि २, १ कडे जाताना पाण्याचा. सीआय या कार्बनी गटातील अशनींचा प्रकार १ आहे आणि त्यांत कॉन्ड्रूल जवळपास दिसतच नाहीत, कारण पाण्याने मूळ पोत पुसून टाकला आहे. 'अंक लहान म्हणजे दगड आदिम' हा समज त्यामुळे ३ च्या खाली लागू पडत नाही.

उष्णतेच्या बाजूला मी चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने पाहतो. पहिली, कॉन्ड्रूलची कड. तिसऱ्या प्रकारात ती सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते आणि भोवतीचे आधारद्रव्य (कॉन्ड्रूलांमधील जागा भरणारे बारीक द्रव्य) काळे, अपारदर्शक असते. पाचव्यात कॉन्ड्रूल ओळखू येतात पण कडा आधारद्रव्यात मिसळू लागतात. सहाव्यात ते शोधून काढावे लागतात. दुसरी, कॉन्ड्रूलमधील काच. स्वच्छ, ध्रुवक काटकोनात असताना पूर्ण काळी राहणारी काच दिसली तर दगड तिसऱ्या प्रकारचा असण्याकडे कल असतो, कारण पुढच्या तापण्यात ती स्फटिकी होते. तिसरी, कमी कॅल्शियमच्या पायरोक्सिनचे रूप. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात त्यातला बराच भाग एकनताक्ष (एक अक्ष तिरपा असलेल्या स्फटिकरचनेचा) असतो: स्फटिकावर बारीक समांतर जुळ्या रेषा दिसतात आणि विलोपन, म्हणजे मंच फिरवताना स्फटिकाचे काळे पडणे, तिरपे होते. पाचव्यापासून तो समचतुर्भुजी (तिन्ही अक्ष काटकोनात असलेला) होतो आणि विलोपन सरळ होते.

चौथी गोष्ट फेल्डस्पारची, आणि ५ व ६ यांतला वाद बहुधा तिच्यावरच मिटतो. चौथ्या प्रकारात प्लेजिओक्लेजचे (सोडियम-कॅल्शियमच्या फेल्डस्पारचे) कण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकात ते वेगळे दिसतच नाहीत. पाचव्यात ते साधारण दोन ते दहा मायक्रॉनचे असतात, आणि सहाव्यात ५० मायक्रॉनपेक्षा मोठे, स्वच्छ, कधी जुळे दाखवणारे कण सहज सापडतात. ते शोधताना ऑलिव्हिनच्या रंगांनी डोळे दिपतात, म्हणून प्रकाश कमी करून फक्त करड्या भागांवर लक्ष ठेवावे. आमच्या छेदात कॉन्ड्रूल ओळखू येत होते, कडा अंधुक होत्या, तिरप्या विलोपनाचा पायरोक्सिन तुरळक होता आणि फेल्डस्पारचे कण पाच-सात मायक्रॉनचे मिळाले. पानावर ५ लिहिले. येथे विक्रेत्याशी माझे मतभेद नव्हते.

तिसऱ्या प्रकारचे ३.० ते ३.९ असे पोटभाग तापदीप्तीच्या (तापवल्यावर खनिजातून निघणाऱ्या प्रकाशाच्या) मोजणीवरून पडले. ते घरच्या सूक्ष्मदर्शकावर ठरवण्याचा प्रयत्न करू नये. तसेच एकाच दगडात फिकट आणि गडद तुकडे एकमेकांत अडकलेले दिसले तर तो संकोणाश्म आहे; प्रत्येक तुकड्याचा अंक वेगळा काढून ५-६ असा पट्टा लिहावा.

अक्षराचे पान: खनिजे

आता वहीचे दुसरे पान. सामान्य कॉन्ड्राइटचे एच, एल आणि एलएल हे तीन गट धातूच्या प्रमाणावरून पहिल्या नजरेत जाणवतात: आकारमानाने एचमध्ये धातू साधारण आठ टक्के, एलमध्ये चार आणि एलएलमध्ये दोन. परावर्तित प्रकाशात धातू पांढरा चमकतो, ट्रॉइलाइट (लोहाचे सल्फाइड) पितळी पिवळट दिसते, क्रोमाइट (लोह-क्रोमियमचे ऑक्साइड) आणि गंज दोन्ही करडे दिसतात. त्याच जागी पारगामी प्रकाश लावला की गंज तांबूस होतो आणि क्रोमाइट काळेच राहते. ट्रॉइलाइटचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच असल्याने त्याला मोजणीत धातूबरोबर घेतले की निकाल बिघडतो.

मोजणी बिंदूंनी करावी. छेद ठरावीक पावलांनी सरकवत हजार ठिकाणी भिंगातील उभ्या-आडव्या तारांच्या फुलीखाली काय आले ते नोंदवावे. आमच्या तुकड्यात ३१ बिंदू धातूवर आणि २८ बिंदू गंजावर पडले. नुसता धातू मोजला तर ३.१ टक्के, आणि गंज सरसकट मिळवला तर ५.९ टक्के, दोन्ही आकडे फसवे आहेत. लोह गंजले की दुपटीहून अधिक जागा व्यापते, म्हणून गंजाचे बिंदू फार तर निम्मे धरावेत. त्याप्रमाणे मूळ धातू ४५ बिंदू, म्हणजे ४.५ टक्के. हजार बिंदूंच्या मोजणीत एवढ्या प्रमाणाला सुमारे ०.७ टक्क्याची अनिश्चितता असते, ती धरूनही हा आकडा एचपर्यंत पोचत नाही. पाकिटावरचे अक्षर संशयास्पद ठरले ते येथे. विक्रेत्याने बहुधा चुंबक लावून पाहिला असावा, आणि कापलेल्या बाजूला नेमका धातूचा एक मोठा गोळा होता. कॉन्ड्रूलचा आकारही पुरवणी पुरावा म्हणून नोंदवावा: एचमध्ये ते सरासरीने लहान आणि एलएलमध्ये मोठे असतात, पण निदान पन्नास तरी मोजल्याशिवाय सरासरीला अर्थ नाही.

अखेरचा शब्द मात्र ऑलिव्हिन आणि पायरोक्सिनमधील लोहाचा. ज्या संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब असेल तेथे छेद पाठवताना कार्बनचा मुलामा कोण देणार हे आधी विचारून घ्यावे, आणि छेदाच्या छायाचित्रावर कोणते कण मोजायचे ते खुणेने दाखवावे. ऑलिव्हिनचे व कमी कॅल्शियमच्या पायरोक्सिनचे निदान वीस-पंचवीस कण, वेगवेगळ्या कॉन्ड्रूलमधले आणि आधारद्रव्यातले मिळून, मोजले जावेत. ऑलिव्हिनमधील फेयालाइट (त्याचा लोहयुक्त घटक) एचमध्ये सुमारे १६ ते २० मोल टक्के, एलमध्ये २२ ते २६ आणि एलएलमध्ये २७ ते ३२ असते. पायरोक्सिनमधील फेरोसिलाइट (त्याचा लोहयुक्त घटक) त्याच क्रमाने साधारण १४.५ ते १८, १९ ते २२ आणि २२ ते २६ असते. आमच्या तुकड्यात हे आकडे २४.७ आणि २०.८ आले. दोन्ही एलच्या पट्ट्यात मध्यावर आहेत आणि धातूच्या मोजणीशी जुळतात. एक आकडा एका गटात आणि दुसरा दुसऱ्यात पडला तर आधी मोजलेले कण तपासावेत. गंजाच्या शिरेला खेटून घेतलेला बिंदू लोह वाढवून दाखवतो.

हीच मोजणी अंकाच्या पानालाही एक साक्ष देते, आणि दोन पाने एकमेकांना भेटतात ती केवळ या ठिकाणी. फेयालाइटचे आकडे कणाकणांत फार विखुरलेले असतील, सरासरीपासूनचे सरासरी विचलन पाच टक्क्यांपेक्षा अधिक असेल, तर दगड तिसऱ्या प्रकारचा आहे. आमचे विचलन सव्वा टक्का होते.

मायक्रोप्रोब मिळेपर्यंत चुंबकीय ग्रहणक्षमता (दगड चुंबकीय क्षेत्रात किती चुंबकित होतो ते) मोजता येते, पण गंजलेल्या दगडात ती घसरते आणि एच असलेला दगड एल वाटू शकतो. म्हणून वाळवंटी नमुन्यात मी तिच्यावर विसंबत नाही.

कॉन्ड्रूल आहेत पण आकडे कोणत्याच पट्ट्यात बसत नाहीत, असेही होते. ऑलिव्हिन जवळपास नाही, पायरोक्सिन म्हणजे लोहरहित एन्स्टेटाइट, आणि धातू भरपूर, अशी स्थिती असेल तर दगड ई (एन्स्टेटाइट) गटाचा आहे. बारीक काळे आधारद्रव्यच अधिक आणि त्यात लहान कॉन्ड्रूल विखुरलेले असतील तर कार्बनी कॉन्ड्राइट. जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे ६ जून २०१७ रोजी पडलेली अशनी त्यांपैकी सीएम२ आहे. मिलिमीटरभर मोठे कॉन्ड्रूल आणि पांढरे, अनियमित कॅल्शियम-अॅल्युमिनियमयुक्त तुकडे असतील तर कार्बनीपैकीच सीव्ही गट. मेक्सिकोत १९६९ साली पडलेली अयेंदे त्याच गटातली.

कॉन्ड्रूल नसतील तर

येथे आपल्या भागातल्या माणसाने विशेष जपून असावे. युक्राइट म्हणजे पिजनाइट (कमी कॅल्शियमचा एक पायरोक्सिन) आणि कॅल्शियमयुक्त प्लेजिओक्लेज यांचा लघुग्रहावरचा लाव्हा, आणि भिंगाखाली तो सह्याद्रीच्या बेसाल्टचा भाऊ शोभेल असा दिसतो. प्लेजिओक्लेजच्या काड्या पायरोक्सिनमध्ये रुतलेल्या तशाच असतात. निर्णय रसायनावर होतो: युक्राइटच्या पायरोक्सिनमध्ये लोह व मँगेनीज यांचे गुणोत्तर ३० च्या आसपास असते, पृथ्वीवरच्या खडकांत ४० च्या आसपास आणि चंद्राच्या खडकांत त्याहून बरेच जास्त. शिवाय युक्राइटचे प्लेजिओक्लेज कॅल्शियमने अधिक समृद्ध असते. राजस्थानात १९९६ मध्ये पडलेली पिपलिया कलान ही युक्राइट आहे. जवळजवळ निव्वळ समचतुर्भुजी पायरोक्सिनचा दगड डायोजेनाइट, आणि दोन्हींचे तुकडे मिसळलेला असेल तर होवार्डाइट. लोहरहित एन्स्टेटाइटचा, फिकट, भरड दगड ऑब्राइट. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत दियोदर येथे पडलेली अशनी ऑब्राइट आहे. ऑलिव्हिन आणि पिजनाइटच्या कणांमध्ये काळा कार्बन भरलेला असेल तर युरेलाइट. प्लेजिओक्लेजच्या जागी आघाताने काचेसारखे झालेले मास्केलिनाइट दिसले तर मंगळाचा विचार मनात यावा, कारण हे द्रव्य प्रथम बिहारमध्ये १८६५ साली पडलेल्या शेरघाटीच्या मंगळीय अशनीतच ओळखले गेले. तरीही जोराचा आघात सोसलेल्या कॉन्ड्राइटमध्येही ते मिळते, त्यामुळे एवढ्यावर पेढे वाटू नयेत. या सर्वांचा शेवटचा निकाल ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर लागतो.

आघात आणि गंज

आघाताची (अवकाशातील टकरींच्या खुणांची) श्रेणी एस१ ते एस६ अशी लिहितात. त्यासाठी ५० मायक्रॉनपेक्षा मोठे ऑलिव्हिनचे कण निवडून मंच फिरवावा. कण एकदम काळा झाला तर एस१. काळोख लाटेसारखा कणावरून सरकत गेला तर एस२. समांतर, सपाट भेगांचे संच असतील तर एस३. कण ठिपक्याठिपक्यांनी काळा होऊ लागला तर एस४. प्लेजिओक्लेजचे मास्केलिनाइट झाले असेल तर एस५ आणि ऑलिव्हिनचे निळसर रिंगवुडाइट (त्याचे अतिदाबाखालचे रूप) दिसले तर एस६. एखादाच कण फार बिघडलेला दिसतो म्हणून श्रेणी चढवू नये. निदान एक-चतुर्थांश कणांत ते लक्षण हवे. आम्ही २४ कण पाहिले, त्यांपैकी नऊ कणांत सपाट भेगा होत्या, ठिपकेदार विलोपन एकातच होते. म्हणून एस३.

गंजाची श्रेणी आपण मोजलेल्या बिंदूंतूनच निघते. मूळ धातूच्या २० ते ६० टक्के भागाचा गंज झाला असेल तर डब्ल्यू२, ६० ते ९५ टक्के असेल तर डब्ल्यू३. आमचे प्रमाण ४५ पैकी १४, म्हणजे ३१ टक्के. तेव्हा पूर्ण नोंद अशी झाली: एल५, एस३, डब्ल्यू२. पाकिटावरचा अंक बरोबर निघाला आणि अक्षर चुकीचे.

नाव अधिकृत व्हायचे असेल तर मिटिओरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीकडे आकडे पाठवावे लागतात आणि २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. आमच्या तुकड्याचे ते १७.३ ग्रॅम. भारतात पडलेला किंवा सापडलेला दगड असेल तर कापण्याआधीच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. छेद आणि उरलेला तुकडा सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला जेलचा रंग पाहून ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा घालावे.